सात आणि अकरा

माझी मुलगी सातवीत असताना वर्षभर मीच तिला गणित शिकवलं. आमची शाळा नागपुरातली साधी, अनुदानित मराठी शाळा. सातवीची एकच तुकडी आणि वरच्या वर्गांना गणित शिकवणारी मी एकटी. घरी ती मला आई म्हणायची आणि शाळेच्या फाटकातून आत आलं की मॅडम. हा बदल ती इतक्या सहज करायची की मला त्याचा अभिमान वाटायचा. स्टाफरूममध्ये मी सांगायचे, वर्गात ती माझी कोणी नसते. हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

त्याच वर्गात एक दुसरी मुलगी होती. तिची आई मंगल कार्यालयांमध्ये स्वयंपाकाला जायची. घरात या दोघीच. मुलगी उंच, म्हणून शेवटच्या बाकावर बसायची. वही अस्ताव्यस्त, आकडे रेघ सोडून खाली उतरत जायचे. पण गणित करताना तिचे ओठ हलायचे आणि उत्तर माझ्या फळ्यावरच्या तिसऱ्या पायरीआधीच तिच्या वहीत असायचं.

एकदा मी उदाहरण घातलं होतं. गाडी चार तासांत एकशे ऐंशी किलोमीटर जाते, तर सात तासांत किती? सगळ्यांनी मी शिकवल्यासारखा तिरपा गुणाकार मांडला. माझ्या मुलीनेही. या मुलीने लिहिलं होतं: चारचे १८०, तीनचे १३५, मिळून ३१५.

मी विचारलं, "तीनचे एकशे पस्तीस कुठून आणले?"

"दोनचे नव्वद न मॅडम. एकाचे पंचेचाळीस. मिळवले."

"उत्तर बरोबर आहे. पण पायऱ्या पुस्तकासारख्या लिहायच्या."

ती हो म्हणाली आणि पुढच्या वेळी पुन्हा आपल्याच पद्धतीने लिहून मोकळी झाली. मला राग यायचा. आज विचार केला की वाटतं, राग पायऱ्यांचा नव्हता. माझ्या मुलीला मी रोज घरी तासभर बसवत होते. हिला कोणी बसवत नव्हतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये, सकाळची शाळा सुरू झाल्यावर, पुण्याच्या एका गणित शिबिराचं पत्र आलं. दहा दिवस, राज्यभरातली सातवीची मुलं, प्रत्येक शाळेतून एकच. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. म्हणाले, "एक छोटी चाचणी घ्या आणि नाव द्या." मग जरा थांबून म्हणाले, "तुमची मुलगी त्याच वर्गात आहे. पेपर दुसऱ्या कोणाकडून काढून घ्यायचा का?"

"कशाला सर? मी काय भेदभाव करणार आहे?" मी म्हटलं. थोडं दुखावल्यासारखंच बोलले असेन, कारण त्यांनी विषय तिथेच सोडला.

पेपर पंचवीस गुणांचा काढला. मुलीला त्यातला एकही प्रश्न आधी दाखवला नाही, हे मी अजूनही स्वतःला सांगत असते. त्यात दोन प्रश्न असे होते, ज्यांच्याभोवती ही सगळी गोष्ट फिरते. पहिला त्रैराशिकाचा, एका गुणाचा: पन्नास माणसांना सहा किलो तांदूळ लागतो, तर पंधरा माणसांना किती लागेल? दुसरा संख्यांच्या क्रमाचा, दोन गुणांचा: १, २, ४, मग दोन रिकाम्या जागा. माझ्या मनात दुपटीचा क्रम होता, म्हणजे पुढे ८ आणि १६. पुस्तकात अशा क्रमात चार-पाच संख्या दिलेल्या असतात, म्हणजे नियम पक्का होतो. मी तीनच दिल्या. सोपा प्रश्न आहे, कशाला जास्त द्यायच्या, असं वाटलं होतं.

पेपर मी घरी तपासले. माझ्या मुलीचा वरच होता. तिला पंचवीसपैकी तेवीस पडले. मी खूश झाले. मग एकेक करत शेवटी त्या दुसऱ्या मुलीचा पेपर आला. सगळं बरोबर. त्रैराशिकाला तिने १.८ च्या ऐवजी दोन किलो लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात, 'थोड्या माणसांना जरा जास्त लागते'. मला हसू आलं. तो गुण कापला. तो कापणं बरोबरच होतं, असं मला आजही वाटतं.

मग क्रमाचा प्रश्न. रिकाम्या जागांत ७ आणि ११. आणि दोन संख्यांच्या मध्ये तिने छोटे आकडे लिहिले होते: +१, +२, +३, +४.

मी लाल पेन हातात धरून बसले. एकात एक मिळवला, दोन. दोनात दोन मिळवले, चार. चारात तीन, सात. सातात चार, अकरा. यात कुठेही चूक नव्हती. माझ्या प्रश्नात दुपटीचा क्रम म्हणून कुठे लिहिलेलं नव्हतं. हे दोन गुण दिले तर तिचे चोवीस होत होते आणि नाही दिले तर बावीस. ही बेरीज मी केली नव्हती असं मला म्हणता येणार नाही. मी ती आधी केली आणि मग फुली मारली.

फुली मारताना मनात एक वाक्य तयार होतं: उत्तरसूची आधी ठरली आहे, आता बदलता येत नाही. उत्तरसूची मीच ठरवली होती, आणि तीही फक्त डोक्यात.

दुसऱ्या दिवशी वर्गात पेपर वाटले. ती मुलगी पेपर घेऊन उभी राहिली.

"मॅडम, मले सात आलं. मग अकरा."

वर्गात दोघं-तिघं हसले. ते उत्तरावर नाही, 'मले' या शब्दावर हसले. आमच्या शाळेत अर्धी मुलं घरी तसंच बोलतात, पण वर्गात कोणी बोललं की बाकीचे हसतात. ही सवय त्यांना आम्हीच लावलेली.

त्या हसण्याचा मला आधार मिळाला. मी म्हटलं, "मले नाही, मला. आधी नीट बोलायला शिक."

तिचा चेहरा लाल झाला. तिने खाली पाहून पुन्हा म्हटलं, "मला सात आलं."

"उत्तर आठ आणि सोळा आहे. बस."

ती बसली. माझी स्वतःची आई आजही मले-तुलेच बोलते. ती दिघोरीला राहते; तिच्याशी फोनवर मीही तशीच बोलते. 'काय करून राहिली वं' असं आईने विचारलं की मी जोडाक्षरं, शुद्धलेखन सगळं बाजूला ठेवते. आणि त्या सकाळी, गणिताचं उत्तर देता येईना म्हणून, मी एका बारा वर्षांच्या मुलीची भाषा दुरुस्त केली. या प्रसंगातल्या सगळ्या गोष्टींमध्ये मला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुपारी घरी आल्यावर मुलगी दप्तर न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, तिचं सात बरोबर आहे."

"कसं?"

"एक मिळवला, मग दोन मिळवले, मग तीन."

"पेपर मी काढला होता. मला काय विचारायचं होतं ते मला माहीत आहे."

"पण ते तिला कसं माहीत असणार?"

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "हात-पाय धू, जेवायला बस." ती गेली. त्यानंतर त्या विषयावर ती काही बोलली नाही आणि मला वाटलं, विसरली असेल.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत त्या मुलीची आई शाळेत आली. कामावरूनच आली असावी, कारण नखांना हळदीचा रंग होता. हातात पेपर होता, घडी घातलेला. तिला येताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, सात-अकराबद्दलच विचारायला आली. स्टाफरूममध्ये आणखी तीन शिक्षिका बसल्या होत्या.

तिने पेपर माझ्यासमोर पसरला आणि बोट ठेवलं. पण क्रमावर नाही. तांदळावर.

"मॅडम, हे काहून कापलं तुम्ही? पंधरा माणसाले दोन किलोच लागते."

मला सुटल्यासारखं वाटलं. खुर्ची ओढून मी तिला बसायला सांगितलं.

"हिशोबाने एक किलो आठशे ग्रॅम येतं," मी म्हटलं.

"हिशोबानं येत असन. पन्नास माणसं असले की त्यात आठ-दहा जण कमी खाणारे राहते. म्हातारे राहते, लहान लेकरं राहते. त्यायचं उरलेलं दुसऱ्याले पुरते. पंधरात तसं नाही जमत. पंधराच्या पंधरा दाबून जेवणारे निघाले तर? मी वीस वर्षं झाले रांधून राहिली."

बाकीच्या शिक्षिका कौतुकाने ऐकत होत्या. मीही हसून, फार समजूतदारपणे तिला सांगितलं की तुमचं अगदी खरं आहे, पण पुस्तकातल्या गणितात सगळी माणसं सारखंच जेवतात असं धरायचं असतं. त्याशिवाय प्रमाण निघत नाही.

ती विचार करून म्हणाली, "असं होय. मग पुस्तकातलं अलग आहे."

"हो. म्हणून गुण गेला."

"ठीक आहे मग. मी तिले सांगते, मॅडमचं बरोबर आहे म्हणून."

तिने पेपर घडी घालून परत दिला आणि नमस्कार करून गेली. क्रमाचा प्रश्न त्याच पानावर, चार बोटं खाली होता. तिला तो वाचता आला नसता असं नाही. तिला जे पक्कं ठाऊक होतं त्यासाठी ती भांडायला आली होती आणि बाकीचं तिने माझ्यावर सोपवलं होतं. मी एका शब्दाने म्हटलं नाही की बाई, इथे खाली पाहा, चूक इथे झाली आहे. एक शिक्षिका म्हणाली, "किती छान समजावलंस गं." मी डबा उघडला आणि जेवले.

माझी मुलगी मे महिन्यात पुण्याला गेली. दहा दिवसांनी सकाळच्या गाडीने परत आली. आम्ही तिघं नाश्त्याला बसलो होतो, तिचे बाबा काय काय शिकवलं म्हणून विचारत होते. ती पोहे चिवडत सांगायला लागली.

"पहिल्या दिवशी एक सर आले. त्यांनी फळ्यावर लिहिलं, एक, दोन, चार. आणि म्हणाले, पुढे काय?"

माझा हात थांबला.

"सगळे आठ म्हणाले. सर म्हणाले, आणखी? कोणी बोलेना. मी हात वर केला आणि सांगितलं, सात, मग अकरा. कसं तेही सांगितलं. सर म्हणाले, शाबास, आता खरं गणित सुरू झालं. मग एका मुलीने पाच सांगितलं. तीनने भाग जाणाऱ्या संख्या गाळायच्या, म्हणून एक, दोन, चार, पाच, सात. सर म्हणाले, नियम सांगितला नाही तर पुढचं उत्तर एकच आहे असं कोणी म्हणू शकत नाही."

"अरे वा," तिचे बाबा म्हणाले. "तुला कसं सुचलं ते?"

ती रडायला लागली. आधी मला कळेना की काय झालं. मग हुंदके देत म्हणाली, "मला नव्हतं सुचलं. ते तिचं होतं. मी सांगितलंच नाही की ते तिचं आहे. दहा दिवस सगळे मला सात-अकरा म्हणून हाक मारत होते."

बाबांना काही समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं सांगावं लागलं, मुलीच्या समोर, चोवीस, बावीस आणि तेवीस या आकड्यांसकट. ऐकून झाल्यावर ते उठून तिच्यासाठी पाणी आणायला गेले. मी केलेली लबाडी माझ्यापाशीच राहील असं मला वाटलं होतं. ती माझ्या मुलीच्या दप्तरातून पुण्याला जाऊन आली.

शाळा उघडली की पहिल्या दिवशी त्या मुलीला गाठायचं असं मी ठरवलं. जूनच्या शेवटी शाळा सुरू झाली आणि ती आलीच नाही. ऑफिसात चौकशी केली तर कळलं, दाखला घेऊन गेली. आईची आई आजारी, म्हणून दोघी खाप्याला राहायला गेल्या. तिथल्या शाळेत आठवीला नाव घातलं होतं.

मी आणखी तीन आठवडे काढले. शाळेचं सुरुवातीचं काम असतं, पाऊस आहे, पत्ता नाही, अशी कारणं होती. शेवटी माझ्या मुलीनेच कुठल्याशा मैत्रिणीकडून फोन नंबर मिळवला, त्या बाईंना फोन लावला आणि म्हणाली, "आई आणि मी रविवारी येतोय."

चाचणीचे पेपर माझ्या कपाटात होते. गुण घरी दाखवून झाले की मुलं पेपर परत आणून देत, म्हणून. तिचा पेपर मी पर्समध्ये ठेवला आणि आम्ही एसटीने खाप्याला गेलो. कन्हान नदीकडच्या एका गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं. आजी आतल्या खाटेवर झोपलेली. मुलगी दारातच उभी होती. तीन महिन्यांत आणखी उंच झाली होती. माझ्या मुलीकडे पाहून किंचित हसली, माझ्याकडे पाहून 'नमस्ते मॅडम' म्हणाली.

मी येताना गाडीत वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली. मी पेपर काढून म्हटलं, "तुझं सात आणि अकरा बरोबर होतं. मला ते तपासतानाच कळलं होतं. तरी मी कापलं."

तिची आई चहा ठेवायला निघाली होती, ती थांबली. "कोणतं? तांदळाचं?"

"नाही. ते नाही. हे, खालचं." मी तिला क्रम दाखवला, कसा तेही सांगितलं. ते दोन गुण दिले असते तर पुण्याला हीच गेली असती, हेही सांगितलं.

बाईंनी पेपर बराच वेळ पाहिला. "मी आली होती न तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "तवा बोलल्या असत्या."

"हो."

"मी हिले घरी येऊन रागावली. म्हटलं, मॅडमचं बरोबर आहे, तू उगाच तोंड वर करून बोलते. दोन दिवस बोलली नव्हती माह्याशी."

मी माफी मागितली. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. मी पर्समधून लाल पेन काढून फुली खोडली, बाजूला दोन लिहिले आणि सही केली. पेपर तिच्या हातात दिला. तिने तो पाहिला आणि परत माझ्यापुढे धरला.

"टोटल पण बदला मॅडम."

मी पहिल्या पानावरचे बावीस खोडून चोवीस केले. माझी मुलगी शेजारीच बसलेली होती. तिचे स्वतःचे तेवीस होते; तिने हे चोवीस पाहिले. मग त्या मुलीला म्हणाली, "मी तिथे तुझं उत्तर सांगितलं. माझं म्हणून."

"मग? बरोबर म्हटलं काय सरांनी?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तेवढंच जाणून घ्यायचं होतं असं वाटलं.

निघताना बाई दारापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "एक सांगू काय मॅडम? आता ही उत्तर येऊनही लिहित नाही. इथल्या सरले पहिले विचारते, तुम्हाले कोणतं पाहिजे म्हणून. सरांनी मले बोलावून सांगतलं, पोरगी हुशार आहे पण भेते. पहिले अशी नव्हती." आणि मग, "शाळेत सांगाल काय हे? जे हसले होते, त्यायच्या समोर?"

मी हो म्हटलं.

सोमवारी मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता हे उकरून कोणाला काय मिळणार? शिबिर झालं, मुलगी शाळा सोडून गेली. तुम्ही कबूल केलंत, माझ्यापुरतं संपलं." मला त्यांचं ऐकावंसं फार वाटत होतं. त्यांच्या ऑफिसातून वर्गापर्यंतच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबले.

आठवीच्या वर्गात फळ्यावर १, २, ४ लिहिलं आणि सगळं सांगितलं. माझी मुलगी तिसऱ्या बाकावर खाली मान घालून होती. भाषेबद्दलही सांगितलं, की 'मले' म्हणणं चूक नव्हतं, मी ते बोलायला नको होतं. या वेळी कोणी हसलं नाही. मग समोरच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग मॅडम, आता तिला पाठवणार काय शिबिराला?"

"नाही," मी म्हटलं. "ते सातवीसाठीच असतं."

ती मुलगी बसली. मी फळा पुसला आणि धडा सुरू केला.

याला बरीच वर्षं झाली. मी अजून त्याच शाळेत तोच विषय शिकवते. क्रमाचा प्रश्न काढताना नियम लिहून देते, किंवा मुलांनाच लिहायला सांगते. त्यामुळे तपासायला दुप्पट वेळ लागतो. वर्गात मुलं घरच्यासारखी बोलली तर बोलू देते. हे सगळं चांगलं आहे, पण यातलं काही त्या मुलीच्या उपयोगाचं नाही.

ती दहावीपर्यंत खाप्यालाच शिकली. गणितात चांगले गुण पडले, पण पुढे तिने गणित घेतलं नाही, असं माझ्या मुलीकडून कळलं. काहून, ते मी विचारलं नाही. त्यामागे आणखी दहा कारणं असू शकतात. त्यांतलं एक मी असेन. माझा त्यात वाटा किती, याचं प्रमाण मला मांडता येत नाही.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. त्या दोघी कधीकधी फोनवर बोलतात, खूप हसतात. मी खोलीत असले तर मुलगी उठून गच्चीवर जाते. मी तिला थांबवत नाही.